सुरी, विळा आणि कलम ३७

जळगावच्या स्थानिक पेपरात आतल्या पानावर एक चौकोनी बातमी ठरलेली असते: जिल्ह्यात शस्त्रबंदी आणि जमावबंदी लागू. धुळ्याच्या पेपरातही तीच. कारण काहीही असो, सण, निवडणूक, जयंती, मोर्चा. खाली यादी: सोटे, तलवारी, भाले, बंदुका, सुरे, काठ्या. पंधरा दिवसांनी तारीख बदलून पुन्हा तेच. लहानपणी मला वाटायचं, कुठे लढाई-बिढाई सुरू झालीय की काय!

पुण्यात नोकरीला लागल्यावर ट्रेकसाठी घडीचा चाकू घेतला. दिवाळीला घरी निघताना सहज मनात आलं, हा त्या यादीत बसतो का? मग दोन-तीन वीकेंड त्यातच गेले. (मी इंजिनिअर आहे, वकील नाही. हा कायदेशीर सल्ला नव्हे :-))

तर मंडळी, गोष्ट सुरू होते आपल्या धरणगावापासून. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, पण सातपुड्यातले भिल्ल काही त्यांना आवरेनात. तेव्हा १८२५ मध्ये जेम्स औट्रम नावाच्या तरुण अधिकार्‍याने भिल्लांचीच पलटण उभी केली. तिचं ठाणं धरणगावला. म्हणजे ज्यांच्या हत्यारांची भीती, त्यांच्याच हातात सरकारी हत्यार! १८५७-५८ मध्ये खाज्या नाईक, भीमा नाईक उठले आणि ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीची लढाई झाली. उठाव मोडल्यावर देशभर हत्यारं काढून घ्यायचं सत्र सुरू झालं.

त्याचा कळस १८७८ च्या शस्त्र कायद्यात. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन. (देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचं तोंड बंद करणारा कायदाही त्याचाच, त्याच वर्षीचा. एका वर्षात लेखणी आणि तलवार दोन्ही!) परवान्याशिवाय हत्यार घेऊन फिरायचं नाही, असा नियम. आता हत्यार म्हणजे काय? व्याख्येत बंदुका, तलवारी, खंजीर, भाले तर आहेतच, पण धनुष्यबाणही आहे. इथे मी थबकलो. कलकत्त्यात बसून लिहिणार्‍याला धनुष्यबाण हा यादीतला एक शब्द असेल. सातपुड्यातल्या भिल्लाला ते रोजचं साधन. शिकारीचं, राखणीचं, लग्नात मिरवायचंसुद्धा. सूट द्यायची मुभा सरकारने ठेवली होती, पण सूट म्हणजे मेहेरबानीच की.

या कायद्याचा राग पुढे बरीच वर्षं टिकला. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात, नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांच्या मूलभूत हक्कांमध्ये होता. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामतांनी तो घटनेत घालायची सूचना मांडली. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. घटनेत राहिलं ते शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचं स्वातंत्र्य. शिखांच्या कृपाणाला मात्र कलम २५ मध्ये स्पष्ट जागा मिळाली.

आणि आता खरी गंमत. आज आपल्यावर एकाच वेळी दोन कायदे आहेत, आणि दोघांचे प्रश्न वेगळे आहेत.

पहिला केंद्राचा, १९५९ चा शस्त्र कायदा. तो विचारतो, वस्तू कशासाठी बनवली? फक्त घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेली वस्तू हत्यार नाही. लाठी आणि साधी हातकाठी तर नाव घेऊन वगळली आहे. नियमांत मापही आहे: पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल आणि ते घरकाम, शेती, विज्ञान वा उद्योगासाठी बनवलेलं नसेल, तर ते यादीत. शिवाय कलम ४ प्रमाणे परवाना लागण्यासाठी त्या भागापुरती केंद्राची अधिसूचना असावी लागते. म्हणजे केळीचा घड उतरवायचा विळा, कुऱ्हाड, आईची विळी सगळं सुटलं.

दुसरा राज्याचा, १९५१ चा मुंबई पोलीस कायदा (आता महाराष्ट्र पोलीस कायदा). त्याचं कलम ३७ विचारतं, या वस्तूने इजा करता येते का? बस्स. त्यात सुरे आहेत, काठ्या आहेत, लाठ्या आहेत, आणि शेवटी इजा करता येईल अशी 'इतर कोणतीही वस्तू'. जिल्हा दंडाधिकारी आदेश काढतात. जमावबंदी राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून ती बातमी पंधरा दिवसांनी परत येते. आदेश मोडला तर कलम १३५ प्रमाणे चार महिने ते एक वर्ष कैद.

म्हणजे एक डिझाइन बघतो, दुसरा केपेबिलिटी. जी काठी केंद्राने नाव घेऊन सोडली, तीच राज्याने नाव घेऊन धरली. आदेश लागू असताना काठी टेकत बाजाराला निघालेल्या म्हातार्‍याला कोणी अडवत नाही, पण ते कायद्यामुळे नव्हे, नाक्यावरच्या हवालदाराला अक्कल आहे म्हणून. आणि हीच अक्कल कॉलेजच्या पोराला, पारध्याला, भिल्लाला सारखीच वागवेल का? मला शंका आहे.

टेक्सासला ऑनसाइट गेलेला आमचा एक मित्र तिथल्या मोकळिकीचं भारी कौतुक सांगतो. तिथे २०१७ पासून साडेपाच इंचांवरचं पातंही घेऊन फिरता येतं, शाळा वगैरे ठराविक जागा सोडून. असो. तिथे निदान कुठे चालत नाही हे आधी वाचता येतं.

पोलिसांची बाजूही आहेच. एप्रिल २०२२ मध्ये धुळे जिल्ह्यात सोनगीरजवळ मुंबई-आग्रा महामार्गावर एका गाडीत ८९ तलवारी आणि एक खंजीर सापडला. माल चितोडगडहून जालन्याला चालला होता. इथे डिझाइन विचारा नाहीतर केपेबिलिटी, उत्तर एकच.

भानगड होते ती एका सुरीची. बातमीत ओळ येते: हत्यार कायदा ४/२५ सह पोलीस कायदा ३७, १३५. दोन्ही लावून मोकळे! पंचनाम्यात पात्याची लांबी-रुंदी मोजून लिहितात. ९ इंचांपेक्षा कमी भरली की पहिल्या कायद्याचा पाया ढासळायला लागतो. दुसर्‍यात मापाचा प्रश्नच नाही. तिथे वकील सगळ्यात आधी एकच गोष्ट बघेल: त्या तारखेला आदेश चालू होता का, आणि तो लोकांपर्यंत रीतसर पोचवला होता का. आतल्या पानावरची ती चौकोनी बातमी त्यासाठीच असते.