मुखातील जंतुसृष्टीचा शोध

दाढेला कीड लागली, असे आपण सहज बोलून जातो. या शब्दांत एक फार जुनी समजूत दडलेली आहे. दाताच्या पोटात खरोखरच अळी बसलेली असते आणि ती तो पोखरीत राहते, असे प्राचीन बाबिलोनपासून आपल्या खेड्यापाड्यांपर्यंत लोक मानीत आले. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतली कीड पाडून दाखविणारे वैदू आपल्या वाडवडिलांनी पाहिलेले आहेत. अळी तेथे कधीच नव्हती. परंतु तोंडात काही जिवंत वावरते आहे हा संशय अगदीच खोटा नव्हता. आणि त्याचा छडा लावला तो कोणा वैद्याने नव्हे, तर एका कापडाच्या व्यापाऱ्याने.

हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा आंतोनी व्हान लेव्हेनहूक हा हाताने भिंगे घासून त्यांतून दिसेल ते पाहणारा गृहस्थ. १७ सप्टेंबर १६८३ रोजी त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र लिहिले. पन्नाशीतला हा मनुष्य रोज सकाळी मिठाने दात घासी, जेवणानंतर दात कोरी, फडक्याने पुसून काढी. असे असूनही दातांच्या फटीत त्याला कालवलेल्या पिठासारखा पांढरा मळ सापडला. तो त्याने पावसाच्या पाण्यात कालवून भिंगाखाली धरला, तो काय! इवलेइवले जीव त्यात सुरसुरत होते. मग त्याने इतरांच्या तोंडातला मळही पाहिला. जन्मात कधी दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडात तर या जीवांची जत्राच भरलेली आढळली. आपल्या एका तोंडात जितके प्राणी आहेत तितकी माणसे अवघ्या नेदरलँड्समध्ये नसतील, असा हिशेबही त्याने मांडला.

या पत्रातील एका प्रयोगाकडे मात्र आम्ही श्रोत्यांचे मुद्दाम लक्ष वेधतो. लेव्हेनहूकने तोंडात कडक शिरका घेतला, तो दातांच्या फटींतून फिरविला, चुळा भरल्या आणि पुन्हा मळ काढून पाहिला. जीव होते तसेच वळवळत होते! तोच शिरका बाहेर काढलेल्या मळात कालविल्यावर मात्र ते तत्काळ मेले. शिरका मळाच्या थरात आतवर पोचत नाही, वरवरचे तेवढे मारतो, असा निष्कर्ष त्याने काढला. जंतू सुटे राहत नाहीत, थर करून राहतात आणि तो थरच त्यांचे रक्षण करतो, ही आजच्या संशोधनातली मोठी गोष्ट त्याच्या हाती अडीच-तीनशे वर्षे आधी लागली होती.

हे जीव तेथे करतात काय, याचे उत्तर मिळण्यास मात्र दोनशे वर्षे लागली. अमेरिकेत जन्मलेल्या व बर्लिनमध्ये शिकविणाऱ्या विलोबी मिलरने काढलेले दात लाळ आणि पाव यांत घालून उबेत ठेवले. दात मऊ पडले. लाळ आधी उकळून घेतली, तर दातांना काही होईना. जंतू पिष्ट व साखर खातात, त्यांचे आम्ल करतात आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळविते, हा सिद्धान्त त्याने १८९० च्या ग्रंथात मांडला. यात एकटा कोणी अपराधी नाही, आम्ल करणारे पुष्कळ आहेत, असेही त्याचे म्हणणे होते.

परंतु तो काळ जंतूंच्या धास्तीचा. तोंडातील रोग अंगभर पसरतो, हे मिलरने १८९१ मध्ये लिहिले होते. त्यावर त्याचा उपाय दातांची निगा हा होता. पुढे १९१० मध्ये मॉन्ट्रियल येथील विल्यम हंटरच्या व्याख्यानानंतर संधिवातापासून पोटाच्या तक्रारीपर्यंत सगळ्याचे खापर दातांवर फुटू लागले आणि धडधाकट दातही उपटले गेले. अमेरिकेतील ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटनने तर वेड बरे करण्यासाठी रोग्यांचे दात काढले, आणि तेवढ्याने भागेना तेव्हा आतड्यांपर्यंत मजल नेली. जंतूंचे घरच पाडले की रोग गेला, असा तो न्याय!

खरी वाट दाखविणारा पुरावाही दुर्दैवाने असहाय लोकांच्याच तोंडातून आला. स्वीडनमधील व्हिपेहोल्म रुग्णालयातल्या मतिमंद रहिवाशांना, त्यांच्या संमतीवाचून, दातांना चिकटणारी टॉफी वर्षानुवर्षे चारण्यात आली. काहींना दिवसाला चोवीस! १९५४ मध्ये निष्कर्ष छापले गेले : साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली आणि दाताला किती वेळ चिकटून राहिली यावर कीड ठरते. स्वीडनमध्ये मुलांना खाऊ फक्त शनिवारी देण्याची रीत पडली, ती याच सुमारास. तिच्यासाठी कोणाचे दात गेले, हे खाऊ वाटणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

असे का होते, याचा उलगडा रॉबर्ट स्टीफनने आधीच केला होता. गोड तोंडात जाताच काही मिनिटांत थरात आम्ल चढते आणि ते उतरायला अर्धा-एक तास लागतो. तेवढ्या वेळात लाळ दाताची झीज भरू लागते. पण दर तासाला गोड चहाचा घोट घेणाऱ्याच्या लाळेला ती उसंतच मिळत नाही. आम्लात तगणारे जंतू मग फोफावतात आणि बाकीचे मागे पडतात.

हिरड्यांची कथा हाराल्ड ल्यो याने १९६५ मध्ये डेन्मार्कमधील ऑर्हुस येथे सिद्ध केली. चांगल्या हिरड्यांच्या बारा जणांनी दात घासणे बंद केले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासू लागताच आठवड्याभरात बऱ्या झाल्या. जसजसा थर जुना होत गेला तसतसे त्यातले जंतूही बदलत गेले होते. म्हणजे थर रोज मोडणे महत्त्वाचे, मग ते दातवणाने असो की ब्रशाने. आपल्याकडच्या मशेरीला मात्र ही सबब लागू नाही. ती तंबाखूच आहे आणि कर्करोगाचे भय घेऊन येते.

ही सगळी सूत्रे फिलिप मार्श या इंग्रज शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये एकत्र गुंफली. रोग होतो तो बाहेरून शत्रू आल्यामुळे नव्हे, तर घरातलाच तोल ढळल्यामुळे, असे त्याने मांडले. उलट या वस्तीतील काही जंतू आपल्या कामाचेच आहेत. पालक, बीट यांतील नायट्रेटचे नायट्राइट करणारे जंतू जिभेवर राहतात, आणि त्यापासून शरीर रक्तवाहिन्या सैलावणारा वायू तयार करते. लंडनमध्ये निरोगी माणसांना आठवडाभर जंतुनाशक गुळण्या करावयास लावल्या, तेव्हा त्यांचा रक्तदाब किंचित चढला. हे १९१३ चे नव्हे, २०१३ चे संशोधन आहे. दंतवैद्याने सांगितल्यास अशा गुळण्या काही दिवस अवश्य कराव्यात. पण वास जावा म्हणून बारा महिने बाटली तोंडाला लावणाऱ्यांनी लेव्हेनहूकचा शिरका आठवावा : त्याचे जीव फटीतल्या थरात सुखरूप होते.