न चिकटणारा स्टिकर आणि उलटी अक्षरं

मागच्या भागात शाई झाली, आज स्टिकर. पण गोंद नसलेला.

सुरुवात माझ्या मावशीपासून करतो, कारण या विषयात मी शिरलो तो तिच्या तीन हजार रुपयांमुळे. भिशीचे पैसे होते ते. तिने भाड्याच्या गाळ्यात शिवणकामाचं दुकान टाकलं. गाळामालकाची एकच अट होती, काचेच्या दाराला काहीही चिकटवायचं नाही. मी शहाणपणा केला, म्हटलं, "मावशी, स्टॅटिक क्लिंग लावू. बाहेरून दुकानाचं नाव, आतून 'धन्यवाद, पुन्हा या'. गोंद नाहीच, मालक काय बोलणार?"

उद्घाटनाच्या दिवशी अकराला ऊन दारावर आलं आणि मावशीने हाक मारली, "अरे, हे बघ! 'धन्यवाद'च्या पोटात माझंच नाव उलटं दिसतंय." दिसत होतंच. बाहेरची मेंदी रंगाची अक्षरं आतल्या मजकुरातून भुतासारखी वर आलेली. पाहुणे पेढे खातायत आणि मी दारासमोर पाठ करून उभा!

असं का झालं, त्यासाठी थोडं मागे जाऊ.

१८७२ मध्ये ऑयगेन बाउमान नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने व्हिनाइल क्लोराइड वायू भरलेली नळी उन्हात ठेवली, तर आत पांढरा घट्ट पदार्थ तयार झाला. हेच पीव्हीसी. पण ते कडक आणि ठिसूळ, त्यामुळे पुढची कित्येक वर्षं त्याचं करायचं काय हेच कुणाला कळेना. १९२६ मध्ये अमेरिकेत, ओहायोतल्या अ‍ॅक्रनला, बी. एफ. गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन हा संशोधक रबर धातूला चिकटवायला काहीतरी शोधत होता. त्याने पीव्हीसी जास्त तापमानाला उकळणाऱ्या द्रावकात गरम केलं. हाती आलं ते मऊ, लवचिक, जेलीसारखं. चिकटवायच्या कामाचं नव्हतंच! म्हणजे गोंद शोधायला निघालेल्या माणसाला न चिकटणारी वस्तू सापडली. मला हा किस्सा फार आवडतो.

तोच मऊपणा इथे कामाला येतो. नाव 'स्टॅटिक' असलं तरी काचेवरच्या या मऊ व्हिनाइलमध्ये विजेचा भाग थोडाच. खरं काम गुळगुळीतपणा करतो. मऊ फिल्म काचेला इतकी घट्ट बसते की मधली हवा निघून जाते, आणि दोन पृष्ठभागांमधली रेणूंची ओढ तिला धरून ठेवते. म्हणून धूळ बसली की पकड जाते. साबणाच्या पाण्याने धुतली, वाळवली, की परत बसते.

याचा पहिला मोठा धंदा खेळण्यांनी केला. १९५१ मध्ये न्यूयॉर्कमधल्या हॅरी आणि पॅट्रिशिया किसलेविट्झ या कला शिकणाऱ्या जोडप्याने व्हिनाइलचे आकार कापून बाथरूमच्या तुकतुकीत भिंतीवर लावले. घरी येणारे मित्रही तिथे रमायला लागले, आणि त्यातून 'कलरफॉर्म्स' निघालं. १९५७ मध्ये त्यावर पॉपाय आला.

आता छपाई. इथेच माझी मेख होती. 'दोन्ही बाजूंनी' म्हटलं तरी छपाई एकाच बाजूला होते! दुसरी बाजू काचेला टेकणार, तिच्यावर शाई आली तर पकड संपली. म्हणून पारदर्शक फिल्मच्या मागच्या बाजूवर थरांवर थर चढवतात. आधी बाहेरून दिसायचं चित्र, आरशासारखं उलटं. त्यावर पांढरा. मग काळा किंवा करडा, प्रकाश अडवायला. पुन्हा पांढरा, कारण काळ्यावर रंग उठत नाहीत. आणि शेवटी आतून वाचायचा मजकूर, सरळ. आमच्या छापणाऱ्याने मधे नुसता एक पांढरा थर दिला होता. ट्यूबलाइटखाली तो चालला, उन्हात उघडा पडला. मीही नमुना ट्यूबलाइटखालीच पाहिलेला, सगळा दोष त्याच्यावर कसा टाकू?

हा उलटा हिशोब आपल्याकडे काही नवा नाही. काचेच्या मागून चित्र रंगवण्याची कला अठराव्या शतकात चिनी कारागिरांबरोबर पश्चिम भारतात आली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलात तर अशी चित्रं नीट बघा. साधारण चित्रात दागिन्यांची नक्षी शेवटी येते, इथे ती आधी. आधी डोळ्यांच्या रेषा, मग कातडीचा रंग, पार्श्वभूमी सगळ्यात शेवटी. एकदा चुकलं की वरून दुरुस्ती नाही. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या रविवर्मा प्रेसमध्येही दगडावर आकृती उलटी काढावी लागे, आणि प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एक दगड केसभर सरकला की लक्ष्मीचे ओठ गालावर! आजच्या स्क्रीन प्रिंटिंगमध्ये जुळणी हुकली की तेच होतं, फक्त लक्ष्मीऐवजी मोबाइल नंबर विस्कटतो.

दुसऱ्यांदा मी मधला काळा थर आधी मागितला आणि नमुना घेऊन भर उन्हात रस्त्यावर उभा राहिलो. खर्च माझा. मावशीने पहिला क्लिंग मात्र टाकला नाही. आतल्या कपाटाच्या काचेवर लावलाय, तिथे ऊन येत नाही. आणि गाळामालक? परवा विचारत होता, त्याच्या स्कूटरच्या काचेला असं काही मिळेल का.