चुना, पारपटल आणि लेसर

गुहागरच्या पोफळीच्या बागांत पावसाळ्याच्या तोंडावर मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारतात. घरोघरी विड्यासाठी चुन्याची डबीही असते. हाच चुना डोळ्यात उडाला, तर बुबुळापुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, कायमचे पांढरे होऊ शकते. पारपटल रोपणाचा इतिहासही चुन्यापासूनच सुरू होतो.

मोराव्हियातील अलोइस ग्लोगार या मजुराचे दोन्ही डोळे चुन्याने भाजले होते. ७ डिसेंबर १९०५ रोजी ओलोमौत्स येथे डॉ. एडुआर्ड त्सिर्म यांनी, इजा झाल्यामुळे काढाव्या लागलेल्या एका मुलाच्या डोळ्याचे पारपटल त्याला बसविले. एका डोळ्यातील रोपण वाया गेले, दुसऱ्यातील स्वच्छ राहिले. १९३० च्या दशकात ओडेसाच्या फिलातोव्ह यांनी मृताचे पारपटलही चालते, हे दाखवून दिले. रत्नागिरी जिल्हा तेव्हा ज्या मुंबई राज्यात होता, तेथे पारपटल रोपणाचा कायदा १९५७ साली झाला.

पारपटलात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून शरीर परके पारपटल बरेचदा स्वीकारते. पण ते केसाहून बारीक टाक्यांनी शिवावे लागते. टाक्यांचा ताण सगळीकडे सारखा नसला, की चेंडूसारखा गोल पृष्ठभाग चमच्याच्या पाठीसारखा होतो. मग किरण एका बिंदूत मिळत नाहीत. पारपटल स्वच्छ, पण दिसते अंधुक! हेच दृष्टिवैषम्य. टाके काढल्यावरही ते उरू शकते.

येथे लेसर मदतीला आला. मायमन यांनी १९६० साली पहिला लेसर तयार केला. १९८१ साली अमेरिकेत, मूळचे भारतीय असलेले रंगस्वामी श्रीनिवासन यांनी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या मांसावर १९३ नॅनोमीटरचे अतिनील लेसर किरण सोडले. आजूबाजूचा भाग न करपता स्वच्छ छेद मिळाला. या किरणांची ऊर्जा रेणूंतील बंधच तोडते, त्यामुळे उष्णता पसरायला वाव राहत नाही. १९८३ साली नेत्रतज्ज्ञ ट्रोकेल यांच्यासह त्यांनी ही पद्धत पारपटलासाठी सुचविली. आज रोपणानंतर उरलेली वेडीवाकडी वक्रता याच लेसरने घासून सुधारता येते. रोपणानंतर डोळ्यातील दाब वाढला आणि औषधांनी आटोक्यात आला नाही, तर दुसऱ्या प्रकारचा लेसर उपयोगी पडतो.

मात्र शरीराने रोपण नाकारले, तर लेसर कामाचा नाही. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा अंधुक दिसू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन स्टेरॉइडचे उपचार सुरू करावे लागतात.

आपण शिक्षकांनी वर्गात दोन गोष्टी जरूर सांगाव्यात. चुना डोळ्यात गेल्यास चोळू नये. ताबडतोब भरपूर पाण्याने निदान अर्धा तास धुवावे आणि मगच दवाखाना गाठावा. दुसरे म्हणजे, मृत्यूनंतर सुमारे सहा तासांच्या आत नेत्रदान झाले पाहिजे. लेसर पारपटलाला आकार देतो; पारपटल मात्र माणसानेच द्यावे लागते.