बोरघाटांतील दगडाचा दुसरा रंग

कर्जतहून पुण्याकडे जाणारी गाडी पळसदरी सोडून घाट चढूं लागली, कीं दोन्ही बाजूंस काळ्या कातळाचे तासलेले कडे दिसूं लागतात. प्रवाशाची नजर बहुधा धबधब्यांकडे जाते. कातळाकडे पाहणारा विरळा. श्रोतेहो, आज मला बोलावयाचें आहे तें या कातळाच्या पोटांतील स्फटिकांविषयीं, आणि विशेषतः त्यांच्या एका अशा गुणाविषयीं, कीं जो घाट फोडणारांच्या दृष्टीस पडणें शक्यच नव्हतें.

सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं येथें लाव्हारसाचे थरावर थर थिजले. त्यांतील वायूच्या बुडबुड्यांच्या जागीं पोकळ्या राहिल्या, आणि पुढें उष्ण पाण्यानें त्यांच्या भिंतींवर स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, अपोफिलाइट, कॅल्साइट इत्यादि स्फटिक वाढविले. आपण या सर्वांस सरसकट गारगोट्या म्हणून मोकळे होतों! युरोपीय पंडितांस मात्र त्यांची गोडी लौकर लागली. ब्रुक या खनिजशास्त्रज्ञानें १८३१ सालींच पुण्याकडील एका खनिजास 'पूनालाइट' असें नांव दिलें होतें. तें स्वतंत्र खनिज नव्हे, असें मागाहून ठरलें.

परंतु स्फटिकांचें खरें भांडार उघडलें तें रेल्वेनें. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा बोरघाटांतील मार्ग खोदण्यास १८५६ सालीं आरंभ झाला. मुख्य एंजिनियर होते जेम्स बर्कले. सुमारें सोळा मैलांत १,८३१ फूट चढण आणि २५ बोगदे! फॅव्हिएल या मक्तेदारानें १८५९ सालीं काम सोडलें. नवा मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानांत येऊन थोड्याच दिवसांत वारला, तेव्हां त्याची पत्नी ॲलिस हिनें मक्ता पुढें चालविला. १८६१ च्या सुमारास घाटावर चाळीस हजारांहून अधिक माणसें राबत होतीं. पटकीनें व अपघातांनीं त्यांतलीं किती तरी दगावलीं. २१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनीं मार्ग खुला केला. बर्कले आणि ट्रेडवेल यांचीं नांवें ग्रंथांत आलीं. सुरुंग ठासणारांचीं आलीं नाहींत.

सुरुंग उडे, कातळ फुटे आणि एखादी पोकळी लखलखत उघडी पडे. तिच्यांतले उत्तम नमुने समुद्रापार जाऊन संग्रहालयांत विसावले. ही निवड अर्थातच डोळ्यांनीं केलेली. पारदर्शक अपोफिलाइट कोणालाहि मोहवील. मळकट कॅल्साइटचें कौतुक कोण करणार?

आतां योगायोग पाहा. घाटाचें काम सुरू होण्याच्या चारच वर्षें आधीं, १८५२ सालीं, केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स यांनीं दाखवून दिलें होतें, कीं कांहीं पदार्थ डोळ्यांस न दिसणारे जंबुपार किरण शोषून घेतात आणि त्यांच्या मोबदल्यांत दिसणारा प्रकाश परत देतात. फ्लोरस्पार या खनिजावरून त्यांनीं या गुणास जें नांव दिलें, त्यास आपण प्रतिदीप्ति म्हणतों. तथापि संग्राहकाच्या हातीं सोयीचा दिवा येण्यास विसावें शतक उजाडावें लागलें.

अंधाऱ्या खोलींत हा दिवा लावला, कीं दिवसाचा मानक्रम उलटतो. दिमाखदार स्टिल्बाइट बहुधा मुकाट बसतो, आणि तोच मळकट कॅल्साइट कधीं गुलाबी, कधीं सायीसारखा पांढुरका उजळतो. दिवा मालविल्यावरहि क्षणभर तेवत राहणारे तुकडे असतात. ही करामत पुष्कळदां त्यांत मिसळलेल्या मँगॅनीजसारख्या द्रव्याच्या लेशमात्र अंशाची असते. नाशिकच्या पांडवलेण्यांकडील खाणींत मिळालेला पॉवेलाइट तर या उजेडांत पिवळाजर्द पेटल्यासारखा दिसतो. (आखूड लहरींच्या दिव्याकडे मात्र उघड्या डोळ्यांनीं पाहूं नये, डोळ्यांस इजा होते.)

म्हणून मला घाटांतल्या राडारोड्याविषयीं हळहळ वाटते. जें सुंदर दिसलें तें वेंचलें गेलें. ज्याचें तेज अंधारांतच प्रगटावयाचें, त्याची पारख करण्याचें साधनच त्या काळीं नव्हतें. शिवाय जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर पुष्कळदां नुसतें 'पूना' किंवा 'बॉम्बे' एवढेंच लिहिलेलें असतें. दगड खंडाळ्याच्या बोगद्यांतला कीं खोपोलीच्या बाजूचा, हें त्यावरून कळावें कसें? एकाच डोंगराच्या दोन थरांतील कॅल्साइट निरनिराळे उजळूं शकतात. ठिकाण हरवलें कीं ती तुलनाच खुंटते.

खालापूर किंवा कर्जत तालुक्यांतील एखाद्या खडीच्या खाणींतून, मालकाच्या परवानगीनें, आपण तुकडा घरीं आणलात तर त्याच दिवशीं चिठ्ठी लिहा: गांव, खाण, तारीख, आणि ज्यानें तो काढून दिला त्या कामगाराचें नांव, त्याची हरकत नसेल तर.