निरक्षर कारागीर

गेल्या दिवाळींत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून टपालानें एक जड पुडकें आलें. हा गृहस्थ अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत बरींच वर्षें स्थायिक झालेला असून, मोटार ठेवण्याच्या खोलींत त्यानें पोलादी पत्रा कापण्याचें एक यंत्र मांडलें आहे. आमच्या ग्रंथसंग्रहाच्या दारावर लावण्यासाठीं त्यानें तीन मिलिमीटर जाडीच्या पत्र्यांतून ‘ज्ञानमंदिर’ हा शब्द कापून पाठविला होता. अक्षरें सुरेख होतीं, कडा स्वच्छ होत्या. परंतु दारावर धरून पाहतां शब्द निघाला ‘ज्ञानमदिर’! आम्हीं विचारणा केली, तेव्हां उत्तर आलें, “सर, यंत्रानें अनुस्वार बिनचूक कापला. पण त्याला धरून ठेवणारें कांहीं नव्हतें, म्हणून कापला गेला त्याच क्षणीं तो खालच्या पाण्यांत पडला.” अनुस्वारासाठीं मुलांचे गुण कापण्यांत ज्यांची हयात गेली त्या आम्हांस या प्रकाराचें प्रथम हसूं आलें. मागाहून मात्र असें वाटूं लागलें कीं, धातूंत अक्षर कोरण्याचा सारा इतिहासच या एका गळलेल्या ठिपक्यांत सांठविलेला आहे.

आपल्याकडे धातूवर अक्षर उमटविण्याची परंपरा फार जुनी आहे. कोल्हापूर जिल्ह्यांतील सामानगड येथें मिळालेला राष्ट्रकूट राजा दंतिदुर्ग याचा ताम्रपट शके ६७५ चा, म्हणजे सुमारें साडेबाराशें वर्षांपूर्वींचा आहे. असा लेख साधारणपणें अनेक हातांतून जाई. दरबारचा अधिकारी मजकूर रची, लेखक तो पत्र्यावर लिही आणि त्या रेघांवरून सोनार किंवा कांसार छिन्नी चालवी. कित्येक ताम्रपटांच्या शेवटीं मजकूर रचणाराचें व कोरणाराचें नांव निरनिराळें दिलेलें आढळतें. कोरणारास पुष्कळदां वाचतां येत नसे. त्याला रेघ दिसे, अक्षर दिसत नसे. त्यामुळें कोठें अनुस्वार सुटे, कोठें सारख्या वळणाच्या दोन अक्षरांची अदलाबदल होई. चूक ध्यानांत आल्यास तेवढा भाग ठोकून सपाट करीत व पुन्हां कोरीत. न आल्यास ती शतकानुशतकें तशीच राही. पुढें संशोधकांनीं हे लेख छापले, तेव्हां त्यांच्या तळटीपांचा मोठा भाग असल्या चुका दुरुस्त करण्यांतच खर्ची पडला.

छापखाने आल्यावर छिन्नीचें काम ठशांकडे गेलें. बंगालमध्यें चार्लस विल्किन्स याच्या हाताखालीं पंचानन कर्मकार यानें बंगाली ठसे कोरले, आणि त्या ठशांनीं १७७८ सालीं हालहेडचें बंगाली व्याकरण छापलें गेलें. कर्मकार म्हणजे लोहार. हाच पंचानन पुढें श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यांत गेला, व तेथें त्यानें आरंभिलेलें नागरी ठशांचें काम त्याचा जांवई मनोहर यानें पुढें चालविलें. विल्यम कॅरी याचें मराठी व्याकरण १८०५ सालीं श्रीरामपूर येथेंच नागरी अक्षरांत छापलें गेलें. मराठी मुद्रणाच्या आरंभीं अशीं बंगालच्या लोहारशाळेंतील माणसें उभीं आहेत, हें आपण सहसा आठवीत नाहीं.

येथवर अक्षर माणसाच्या हातानें कापलें जात होतें. १८८५ सालीं अमेरिकेंतील लिन बॉइड बेंटन यानें ठसे कोरण्याच्या यंत्राचें पेटंट मिळविलें. मोठ्या आकाराच्या नमुन्यावरून एक टोंक फिरवावें, म्हणजे दुसरें टोंक तोच आकार धातूंत लहान करून कोरी. चित्रकाराचा हात आणि कोरणाराचा हात यांची ताटातूट तेथें सुरू झाली. ती पुरी झाली ती आमच्या विद्यार्थ्याच्याच मिशिगन राज्यांत. तेथील ट्रॅव्हर्स सिटी गांवचा जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरचीं पातीं करीत असे. पात्याची वक्ररेषा नुसत्या नजरेनें साधत नाहीं. म्हणून त्यानें व त्याचा सहकारी फ्रँक स्ट्यूलेन यानें तिच्यावरील बिंदूंचे आंकडे हिशेबाच्या यंत्रावर काढून ती आंखण्यास आरंभ केला. आंकड्यांनीं आंखतां येतें, तर आंकड्यांनीं यंत्रच कां चालवूं नये? अमेरिकन हवाईदलानें १९४९ सालीं या कल्पनेस पैसा पुरविला, आणि १९५२ सालीं मॅसाच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्यें भोंकें पाडलेल्या कागदी फितीवरून चालणारें कातकामाचें यंत्र लोकांस दाखविण्यांत आलें.

राहिली छिन्नी. विसाव्या शतकाच्या आरंभापासून पोलाद कापण्यासाठीं ऑक्सिजनची ज्योत वापरांत आली होती. तींत लोखंड अक्षरशः जळतें. परंतु अॅल्युमिनियम व गंज न चढणारें पोलाद अशा रीतीनें जळत नाहीं. १९५७ सालीं युनियन कार्बाइड कंपनींतील रॉबर्ट गेज याच्या नांवें निघालेल्या पेटंटानें हा अडसर दूर केला. विजेची ठिणगी अरुंद तोंडांतून वायूबरोबर जोरानें बाहेर काढली, म्हणजे त्या वायूचे अणू फुटून तो स्वतःच वीज वाहूं लागतो. या अवस्थेस प्लाझ्मा हें नांव १९२८ सालीं अर्व्हिंग लँगम्यूर यानें दिलें. लोखंड सुमारें १५४० अंशांवर वितळतें. या झोताची उष्णता वीस हजार अंशांच्या आसपास जाते. झोत धातू वितळवितो आणि त्याचाच जोर वितळलेला रस खालीं उडवून देतो.

प्रथम हें सारें मोठ्या कारखान्यांपुरतें होतें. पुढें साधी दाबलेली हवा वापरणारीं आटोपशीर यंत्रें निघालीं. १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या एका सरकारी संशोधनसंस्थेनें यंत्र चालविण्याची संगणक-आज्ञावली सर्वांस मोकळी करून दिली, आणि तिच्यांतूनच पुढें ‘लिनक्स सीएनसी’ ही घरोघरीं वापरली जाणारी आज्ञावली निघाली. अशा रीतीनें राजाच्या दरबारीं होणारें काम मोटारीच्या खोलींत येऊन पोंचलें.

आतां त्या ठिपक्याकडे वळूं. रोमन लिपींतलें प्रत्येक अक्षर एकटें उभें असतें. शब्द कापला कीं अक्षरें सुटीं होतात, आणि त्यांस बांधण्यासाठीं खालून किंवा वरून पट्टी द्यावी लागते. नागरी लिपीला ही पट्टी उपजतच आहे. शिरोरेखेनें सारा शब्द एका दांडीला टांगलेला असतो, म्हणून मराठी शब्द पत्र्यांतून अखंड निघतो. जी शिरोरेखा लेखणीला वेळखाऊ म्हणून पुष्कळांनीं टाकून दिली, ती लोखंडांत अशी उपयोगी पडते! शिरोरेखेपासून सुटा राहतो तो अनुस्वार, चंद्रबिंदु आणि विसर्ग. उलट पत्र्यांत अक्षराच्या आकाराचें भोंक पाडावयाचें असेल, तर व, प, म, ष यांच्या पोटांतला पत्रा गळून पडतो. तेथें बारीक सांधे ठेवावे लागतात. शिवाय झोताची स्वतःची रुंदी दीड मिलिमीटरच्या सुमारास असल्यामुळें अक्षराची रेघ तेवढी वगळून आंखावी लागते, आणि आंतले भाग आधीं व बाहेरची कड शेवटीं कापावी लागते. कारण कड एकदां सुटली कीं पत्रा हलतो. हीं सर्व पथ्यें पाळणारा माणूस यंत्रासमोर असावाच लागतो.

यंत्राची अचूकता आणि अक्षराची शुद्धता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्र केसाएवढी चूक करीत नाहीं, आणि चुकीचा शब्दहि केसाएवढी चूक न करतां कापतें. नागरीचे नियम न जाणणाऱ्या आज्ञावलींत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढें जाऊन बसते, जोडाक्षरें मोडून त्यांच्या पायांशीं हलन्त लोंबूं लागतात; आणि तें सर्व यंत्र पोलादांत इमानानें उतरवितें. महाराष्ट्रांत २०२२ सालच्या कायद्यानें लहान दुकानांसहि मराठी पाटी सक्तीची झाली, व २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें मुंबईंतील दुकानदारांस ती लावण्यास दोन महिन्यांची मुदत दिली. पाट्या लागल्या, त्यांतील मोडलेलीं जोडाक्षरें आम्ही रोज फिरावयास जातांना वाचतों. कायद्यानें पाटी लागते. ती कोरण्यापूर्वीं कोणी वाचून पाहावी, याची तजवीज कायद्यानें होत नाहीं. ताम्रपटाच्या काळीं कोरणारा निरक्षर असला तरी त्याच्या शेजारीं लेखक असे. आज निरक्षर कारागिराचें कसब पूर्णत्वास पोंचलें आहे, आणि लेखकाची जागा मात्र रिकामी पडली आहे.

हें आम्हीं विद्यार्थ्यास कळविलें. त्याच्या उत्तरांतील एक वाक्य आम्हांस बोंचलें. त्याची दहा वर्षांची मुलगी मराठी बोलते, पण तिला वाचतां येत नाहीं. ज्या घरांत हीं अक्षरें लोखंडांत कापलीं जातात, त्या घरांत पुढच्या पिढीला तीं केवळ नक्षी आहेत, असें त्यानें लिहिलें होतें. गेल्या महिन्यांत त्याचें दुसरें पुडकें आलें. त्यांत ‘ज्ञानमंदिर’ पुरा होता. अनुस्वाराला शिरोरेखेशीं जोडणारी एक काडीएवढी दांडी ठेविलेली होती. सोबतच्या चिठ्ठींत त्यानें लिहिलें होतें कीं, पत्रा यंत्रावर चढविण्यापूर्वीं आंखलेला शब्द त्यानें मुलीपुढें धरला, आणि तिनें तो एकेक अक्षर लावीत, ‘म’वर थोडें थांबून, शेवटपर्यंत वाचला.

पाटी आतां दारावर आहे. ती दांडी जवळून पाहिल्यावांचून दिसत नाहीं.