सुप्याची खते आणि आजचा पत-अहवाल

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्याच्या भीमथडी तालुक्यातील सुपे या गावी आसपासच्या खेड्यांतील कुणबी मोठ्या संख्येने जमले आणि त्यांनी तेथील गुजर सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. हे सुपे आज बारामती तालुक्यात मोडते. पुढील काही आठवड्यांत हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. इतिहासात ही घटना दख्खनचे दंगे या नावाने ओळखली जाते. नऊशेंहून अधिक माणसे पकडली गेली आणि त्यांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांना शिक्षा झाल्या.

या दंग्यांची एक बाब आम्हांस नेहमीच विचार करण्याजोगी वाटत आली आहे. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगानेही ती नोंदवून ठेवली आहे. जमावास सावकाराचा जीव नको होता आणि पुष्कळ ठिकाणी त्याचे द्रव्यही नको होते. त्यास हवी होती ती खते, म्हणजे कर्जरोखे, आणि कोर्टाचे हुकूमनामे. जेथे सावकाराने मुकाट्याने कागद पुढे केले तेथे ते फाडून अगर जाळून लोक आपापल्या घरी गेले. जेथे त्याने नकार दिला तेथे मात्र मारहाण व जाळपोळ झाली. आपला खरा शत्रू कोण हे त्या निरक्षर माणसांनी नेमके ओळखले होते. तो होता कागद, जो त्यांना वाचता येत नव्हता आणि ज्याची प्रत त्यांच्यापाशी नव्हती.

तो कागद कसा तयार होई ते पाहण्याजोगे आहे. कूळ सावकाराच्या ओटीवर येई. सावकार किंवा त्याचा गुमास्ता खत लिही. कुणबी खाली नांगराची निशाणी करी आणि साक्षीदार आपापली निशाणी करीत. शंभराचे खत लिहून हाती नव्वदच पडत, कारण मनोतीची रक्कम आधीच कापलेली असे. (आजच्या बँका हीच गोष्ट ‘प्रोसेसिंग फी’ म्हणून करतात. नाव बदलले की गोष्ट सभ्य होते.) परतफेडीची पावती क्वचितच मिळे. पीक आले की धान्य सावकाराच्या अंबारात जाई आणि ते कोणत्या भावाने जमा झाले हे फक्त त्याच्या खतावणीस ठाऊक असे.

यात भर पडली ती एका चांगल्या हेतूच्या कायद्याची. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खतावरील दाव्यास तीन वर्षांची मुदत घातली. जुनी, मेलेली कर्जे उकरून काढून कुळास छळू नये हा हेतू होता. परिणाम नेमका उलटा झाला. मुदत संपण्यापूर्वी सावकार कुळास बोलावी, थकलेले व्याज मुद्दलात मिळवी आणि नवे खत करून घेई. दर तीन वर्षांनी व्याज मुद्दल होऊन बसे. आपल्या धर्मशास्त्रातील दामदुपटीचा नियम, म्हणजे एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नाही हा नियम, मुंबई इलाख्यातील न्यायालये मानीत असत. परंतु नव्या खतात जुने व्याजच मुद्दल म्हणून उभे राहिल्यावर दामदुपटीने तरी काय करावे?

आणि कोर्टात काय होई? बहुसंख्य दावे एकतर्फी निकाली निघत. समन्स आले तरी कुळ हजर राहत नसे. कोणास तालुक्याचा रस्ता परवडत नसे, कोणास वकील परवडत नसे, तर कोणास वाटे की कागदावर आपलीच निशाणी आहे, जाऊन काय सांगणार? न्यायाधीशापुढे खत येई, खतावर निशाणी असे आणि हुकूमनामा होई. त्या खताच्या मागे आणखी चार खते आहेत आणि मुळात रक्कम पंचवीस रुपयांची होती, हे विचारण्याची पद्धतच नव्हती.

१८७४च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावी बाबासाहेब देशमुखांवर काळूराम नावाच्या सावकाराने असाच हुकूमनामा मिळविला. हे देशमुख शिंदे घराण्याशी संबंधित असल्याची नोंद आहे, ग्वाल्हेरच्या वाचकांस ती कुतूहलाची वाटेल. हुकूमनामा सुमारे दीडशे रुपयांचा होता. सावकाराने देशमुखांचे घरच पाडविले. गावाने त्यावर दंगा केला नाही. सर्वांनी मिळून सावकारावर बहिष्कार घातला. कोणी त्याची शेते करीना, कोणी पाणी भरीना. सुप्याची ठिणगी पडण्यापूर्वीची ही तयारी होय.

आमच्या मते सावकारास राक्षस ठरवून हा विषय संपत नाही. सारा रोख आणि ठरल्या तारखेस मागणारे सरकार, अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात चढलेले व १८६५ नंतर कोसळलेले कापसाचे भाव, आणि फेरपाहणीत वाढलेला सारा या सर्वांच्या मध्ये उभे राहून उसने देणारा तोच एक होता. दोष होता तो एका बाजूसच हिशेब असण्याचा.

१८७९चा दख्खन शेतकरी मदत कायदा याच दोषावर बोट ठेवतो. तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. त्याचे बारावे कलम आम्हांस फार मोलाचे वाटते. न्यायाधीशाने केवळ समोरच्या खतावर न थांबता उभयतांमधील व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा, असे ते कलम सांगते. तेराव्याने मुद्दल व व्याज यांचे हिशेब वेगळे मांडावयास लावले. पुढे हप्त्यांची सोय आली, कर्जापायी कैद बंद झाली आणि खतांची गावपातळीवर नोंदणी सुरू झाली. शेतकऱ्यास लेखी पावतीचा, वार्षिक हिशेबाचा आणि मागितल्यास पासबुकाचा हक्क मिळाला. ते न देणाऱ्या सावकारास दंड ठेवला गेला. महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली अनेक वर्षे काम केले व १८८७ मध्ये ते त्याचे विशेष न्यायाधीश झाले.

कायद्यास पळवाटा निघाल्याच. सावकार गहाणखताऐवजी साफ खरेदीखत लिहून घेऊ लागले. बाहेर ‘विकत घेतले’ आणि आत ‘फेडलेस की परत देतो’. मग तोंडी पुराव्याने व्यवहाराचे खरे स्वरूप दाखविण्याची मुभा कायद्यात घालावी लागली. तरीही एक गोष्ट रुजली, आणि ती म्हणजे कागद जाळण्याऐवजी तो मुळापासून उघडावयास लावणे. बेळगाव १९५६पर्यंत मुंबई राज्यात होते, त्यामुळे १९४७च्या मुंबई शेतकरी कर्जनिवारण कायद्याखालील प्रकरणे आमच्या भागातही चालली. महसूल खात्याच्या नोकरीत आम्ही असली जुनी बाडे हाताळली आहेत. त्यांत अर्जदाराच्या तोंडचे एक वाक्य निरनिराळ्या शब्दांत पुनःपुन्हा येते. मूळ रक्कम किती घेतली आणि किती फेडली, याचा हिशेब सावकाराने दाखवावा.

हे सर्व आज सांगण्याचे कारण असे की, खतावणी पुन्हा एकदा आपल्या नजरेआड गेली आहे. २००० साली सिबिल ही संस्था स्थापन झाली आणि २००५ साली पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला. आज सिबिल, एक्विफॅक्स, एक्सपिरियन व क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आपल्या प्रत्येक कर्जाची नोंद ठेवतात. पूर्वी ‘पत’ ही बाजारपेठेच्या तोंडी असे. अमक्याची पत आहे, तमक्याची गेली, हे चार व्यापारी सांगत आणि त्यांस जाऊन विचारताही येई. आता ती एका आकड्यात बसली आहे. तो आकडा चुकीच्या नोंदीवर उभा असला तरी मुलाचे घरकर्ज अडेपर्यंत आपणांस पत्ता नसतो.

आमच्या परिचयातील एका निवृत्त शिक्षकांची गोष्ट सांगतो. मुलाच्या घरकर्जात ते सहअर्जदार होते आणि कर्ज नामंजूर झाले. त्याच सुमारास एका वसुली संस्थेचा माणूस त्यांस दूरध्वनी करू लागला. कुठल्याशा क्रेडिट कार्डाची जुनी बाकी होती आणि ‘नऊ हजार भरा, प्रकरण मिटवून टाकू’ असे त्याचे म्हणणे होते. गुरुजींनी आयुष्यात कार्ड वापरले नव्हते. तरीही ते पैसे भरावयास निघाले होते. ‘शेजारीपाजारी कळले तर काय, कटकट नको,’ असे ते म्हणाले. शंभर-दीडशे वर्षे एका गावात नाव राखून राहिलेल्या आपल्या घराण्यांचा हा स्वभावच आहे. कर्जाचा शब्द बैठकीत काढावयाचा नाही. एकतर्फी हुकूमनाम्यांच्या काळातील कुळाहून ही वृत्ती फार निराळी आहे असे आम्हांस वाटत नाही. त्यास लाज नसे, भीती असे, इतकाच काय तो फरक.

आम्ही त्यांस म्हटले, ‘गुरुजी, दमडी देऊ नका. आधी करारपत्र मागा.’ त्यांनी लेखी पत्र लिहून मूळ अर्जाची प्रत, खात्याचा आरंभापासूनचा उतारा आणि संस्थेस वसुलीचा अधिकार देणारे पत्र मागितले. दुसऱ्या बाजूस पतमाहिती कंपनीकडेही तक्रार नोंदविली. करार आला तेव्हा नाव-आडनाव तेच, परंतु पॅन क्रमांक व जन्मतारीख दुसऱ्याच गृहस्थाची निघाली. नोंद काढली गेली.

पैसे भरू नका असे आम्ही म्हटले त्यास कायद्याचे कारण आहे. १९६३च्या मुदत कायद्यातही अशा साध्या कर्जास सामान्यतः तीन वर्षांचीच मुदत आहे. मुदत संपण्यापूर्वी लेखी कबुली दिली किंवा सहीनिशी काही रक्कम भरली तर ती मुदत नव्याने सुरू होते. दर तीन वर्षांनी नवे खत लिहून घेणाऱ्या सावकाराची युक्ती ती हीच. ‘निदान पाचशे तरी भरा’ असे कोणी गोड बोलून सांगू लागला की १८५९ आठवावे. कर्ज आपले नसेल किंवा रकमेविषयी वाद असेल तर आधी हिशेब मागावा.

रीत फारशी अवघड नाही. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, तो मागवावा. नाव, पॅन, पत्ते आणि प्रत्येक खाते नजरेखालून घालावे. फेडलेले कर्ज ‘बंद’ दाखविले आहे की ‘तडजोड’, हे विशेष पाहावे, कारण थोडक्यात मिटविलेले कर्ज ‘सेटल्ड’ म्हणून राहते व पुढील सावकार त्याकडे वाकड्या नजरेने पाहतो. चुकीची नोंद दिसल्यास त्या कंपनीकडे हरकत नोंदवावी. मात्र कंपनी स्वतः होऊन नोंद बदलत नाही, ती कर्ज देणाऱ्या बँकेस विचारते. बँकेस उत्तरासाठी एकवीस दिवस आणि एकूण निवारणास तीस दिवसांची मुदत आहे. त्यापुढे विलंब झाल्यास रोज १०० रुपयांप्रमाणे भरपाई द्यावी लागते. हा नियम रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढला आणि तो एप्रिल २०२४ पासून लागू झाला. बँक आपलेच खरे म्हणत राहिली तर तिच्या तक्रार अधिकाऱ्यास लेखी कळवावे आणि तेथेही दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे.

वसुली करणाऱ्यांसही मर्यादा आहेत. कोणती संस्था येणार हे बँकेने कर्जदारास कळवावयाचे असते, माणसापाशी अधिकारपत्र व ओळखपत्र असावे लागते, आणि थकीत वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी व सायंकाळी सातनंतर दूरध्वनी करता येत नाही. कर्ज दुसऱ्या कंपनीस विकले गेले असेल तर त्या हस्तांतराचा कागद मागावा. आमच्या कर्नाटक शासनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सूक्ष्म व लघु कर्जांच्या वसुलीतील जबरदस्तीविरुद्ध अध्यादेश काढला. खेड्यांतील गटकर्जांच्या वसुलीतून घरे सोडून जाण्यापर्यंत पाळी आल्यावर तो काढावा लागला, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

याच्या जोडीला ‘तुमचा अहवाल स्वच्छ करून देतो’ अशा जाहिराती करणारी एक जात अलीकडे निघाली आहे. ते पैसे घेतात आणि खरी नोंदही पुसून टाकू असे सांगतात. खरी नोंद पुसता येत नाही. चुकीची नोंद मात्र आपणांस स्वतः, एक पैसा न देता दुरुस्त करून घेता येते. सुप्याच्या लोकांनी खते जाळली तेव्हा निदान त्या खतांचा धूर तरी झाला. हे गृहस्थ कोऱ्याच कागदाचा धूर विकतात.

गुरुजींच्या मुलाचे घरकर्ज पुढे दुसऱ्या अर्जावर मंजूर झाले. बँकेचे उत्तर, कराराची प्रत आणि दुरुस्त अहवाल या तिन्ही कागदांच्या नकला काढून त्यांनी घराच्या खरेदीखताबरोबर एकाच पिशवीत ठेवल्या आहेत.