गारव्याच्या दोन वाटा

सह्याद्रीच्या पायथ्याशीं, कणकवली तालुक्यांत, फोंडाघाट नांवाचें गांव आहे. कणकवलीहून कोल्हापुरास जाणारी वाट येथून घाट चढते, वर दाजीपूरच्या रानांत शिरते आणि राधानगरीवरून देशावर पोंचते. कोंकण व देश यांच्यामधला उंबरठा होऊन बसलेल्या या गांवांत अलीकडे दर उन्हाळ्यांत एक प्रश्न घरोघर निघतो. मुंबईपुण्याचे चाकरमानी मे महिन्यांत घरीं येतात. जुनें कौलारू घर पाडून त्याजागीं बांधलेल्या स्लॅबच्या घरांत रात्रीं झोंप येत नाहीं. म्हाताऱ्या आईवडिलांचा जीव कासावीस होतो. आणि मग कूलर आणावा कीं एसी बसवावा, याचा खल सुरू होतो.

हा प्रश्न बहुधा पैशाच्या तराजूंत तोलला जातो. ऐपत असेल त्यानें एसी घ्यावा, नसेल त्यानें कूलरवर भागवावें, असा लोकांचा सर्वसाधारण समज. आमच्या मतें हा तराजूच येथें उपयोगी नाहीं. एकाच वस्तूचीं स्वस्त आणि महाग अशीं हीं दोन रूपें असतीं, तर गोष्ट निराळी होती. परंतु दोहोंचा वंश निराळा, जन्मभूमि निराळी आणि धर्महि निराळा. त्यांचा इतिहास पाहिला म्हणजे फोंडाघाटच्या माणसानें काय करावें, याचें उत्तर आपोआप समोर येतें.

प्रथम कूलरचा धर्म पाहूं. पाण्याची वाफ होतांना तें भोंवतालची उष्णता शोषून घेतें. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास जितकी उष्णता लागते, तितक्या उष्णतेंत बर्फाइतकें गार असलेलें जवळजवळ ६ लिटर पाणी उकळीस येईल. माठ याच नियमानें पाणी गार करतो. पण तोच माठ सोलापुरास दांत शिवशिवतील असें पाणी देतो आणि मालवणास बेताचेंच गार देतो, हा अनुभव देशावरून कोंकणांत आलेल्या प्रत्येक गृहिणीस आहे. यांत कुंभाराचा दोष नाहीं. कोंकणच्या हवेंत आधींच इतकें बाष्प भरलेलें असतें कीं तिला आणखी पाणी पिण्याची तहानच उरत नाहीं. उष्णतामापकाच्या गोळ्याभोंवतीं ओलें फडकें गुंडाळून त्यावर वारा घातला म्हणजे पारा जेथवर उतरतो, त्यास आपण ओला पारा म्हणूं. नुसत्या पाण्याच्या वाफेनें हवा गार करावयाची, तर त्या पाऱ्याखालीं तिला नेतां येत नाहीं. ही निसर्गानें घालून दिलेली मर्यादा आहे.

या मर्यादेमुळेंच ओल्या गारव्याचा सारा इतिहास कोरड्या प्रदेशांत घडला. अबुल फजलाच्या ‘ऐने अकबरी’त सोऱ्यानें पाणी थंड करण्याची रीत, लाहोरास डोंगरांतून येणारें बर्फ आणि वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडून गार केलेल्या खोल्या, या सर्वांचा उल्लेख आहे. आपल्याकडे निजामशाहीच्या राजधानींत, म्हणजे अहमदनगरास (आतांच्या अहिल्यानगरास), १५८३ सालीं पुरा झालेला फराहबागेचा महाल तलावाच्या मध्यभागीं बांधलेला आहे; नगरच्या कोरड्या वाऱ्यानें पाण्यावरून वाहत येऊन महालांत शिरावें, याहून चांगली योजना त्या मुलखांत कोणती असणार? पुढें १९ व्या शतकांत इंग्रज अंमलदारांनीं याच वाळ्याच्या ताट्या उचलल्या आणि त्यांस एका लाकडी पेटींत फिरणाऱ्या पंख्याची जोड देऊन ‘थर्मँटिडोट’ असें भारदस्त नांव दिलें. पंखा फिरवावयास एक नोकर, ताटीवर पाणी मारावयास दुसरा. गारवा मात्र आंत बसलेल्या साहेबास. आज नागपूरच्या खिडक्याखिडक्यांत दिसणारा कूलर हा त्या पेटीचाच वंशज. वाळ्याच्या जागीं लाकडाच्या किसाची किंवा कागदी जाळीची गादी आली आणि नोकरांच्या जागीं वीज आली, इतकाच काय तो फरक. आग्रा, दिल्ली, नगर, नागपूर अशी ही परंपरा चालत आली. तींत समुद्रकांठचें गांव सांपडत नाहीं.

मग कोंकणच्या माणसास गारव्याची विद्या नव्हती काय? होती, पण निराळी होती. जांभ्याच्या चिऱ्यांच्या जाड भिंती, उतरतें कौलारू छप्पर, कौलांच्या फटींतून वर निघून जाणारी ऊन हवा, मधला माळा, चोहोंकडून पडवी, शेणानें सारवलेली जमीन, आणि उन्हाळ्यांत खळ्यांत माडाच्या झापांचा घातलेला माटव; या सर्व योजनेंत पाण्याचा कोठें संबंध नाहीं. ऊन अडवावें आणि वारा सोडावा, हीं दोनच सूत्रें. वाळा कोंकणांतहि मिळे, पण तो पिण्याच्या पाण्यांत घालीत; दारास ओली ताटी बांधीत नसत. ज्या भूमींत आधींच ओलावा आहे, तेथें ओलाव्यानें गारवा आणतां येत नाहीं, हें त्या लोकांनीं ग्रंथ न वाचतां ओळखलें होतें.

आतां दुसऱ्या वाटेकडे वळूं. तिचा आरंभ बर्फापासून होतो. १८३३ सालीं बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्यानें ‘टस्कनी’ नांवाच्या जहाजांतून १८० टन बर्फ कलकत्त्यास धाडलें. त्यांपैकीं सुमारें १०० टन चार महिन्यांच्या प्रवासानंतरहि शाबूत उतरलें. पुढल्याच वर्षीं तें मुंबईस आलें. जमशेटजी जिजीभाईंनीं आपल्या मेजवानींत पाहुण्यांस आइस्क्रीम दिलें आणि यजमानासकट कित्येकांस पडसें झालें, अशी त्या वेळची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. बर्फाचा हा व्यापार कृत्रिम बर्फ करणाऱ्या यंत्रांपुढें लयास गेला, पण एक शब्द मागें ठेवून गेला. आज दुकानांत आपण ‘दीड टनी एसी’ मागतों, तो टन यंत्राच्या वजनाचा नव्हे. २,००० पौंड बर्फ २४ तासांत वितळतांना जितकी उष्णता ओढून घेतें, तितकी उष्णता तेवढ्याच वेळांत खोलींतून काढणारें यंत्र तें एक टनी यंत्र. बर्फाचीं जहाजें गेलीं, पण त्यांचें माप आमच्या भिंतीवर टांगलेलें राहिलें.

तथापि एसीचा खरा जन्म बर्फाच्या पोटीं झाला, असें म्हणतां येत नाहीं. येथें गिरण्यांचा इतिहास मध्यें येतो, आणि त्याचा एक धागा आपल्या नागपूरशीं जोडलेला आहे. जमशेटजी टाटांनीं १८७७ सालीं तेथें एम्प्रेस मिल सुरू केली. कोरड्या हवेंत कापसाचा धागा ठिसूळ होऊन वरचेवर तुटतो. म्हणून टाटांनीं गिरणींत हवेला ओल देणारीं यंत्रें बसविलीं. हिंदुस्थानांत अशीं यंत्रें प्रथम आणण्याचा मान त्यांस दिला जातो. १९०६ सालीं अमेरिकेंतील स्टुअर्ट क्रेमर यानें गिरणींतील हवेला अशीच ओल देण्याच्या विद्येस ज्या इंग्रजी शब्दांनीं संबोधिलें, त्यांचाच संक्षेप म्हणजे आमचा ‘एसी’. म्हणजे हें नांव मुळांत हवा ओली करणाऱ्या कामासाठीं पडलेलें!

पण ज्या यंत्रास तें पुढें कायमचें चिकटलें, त्याचें काम नेमकें याच्या उलट होतें. १९०२ सालीं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत एका रंगीत छपाईच्या कारखान्याची तक्रार अशी होती, कीं दमट हवेनें कागद फुगतो, कोरड्या हवेनें आंखडतो, आणि त्यामुळें एका रंगावर दुसरा रंग नीट बसत नाहीं. विलिस कॅरियर या २५ वर्षांच्या अभियंत्यानें त्यावर गार नळ्यांवरून हवा खेळविण्याची योजना आंखली. गार पेल्यावर बाहेरून जसे थेंब जमतात, तसें हवेंतील बाष्प त्या नळ्यांवर पाणी होऊन सांचूं लागलें आणि कारखान्यांतील हवा ठराविक कोरडेपणावर ठेवतां येऊं लागली. कामगारांस गार वाटावें, हा त्यांतील हेतूच नव्हता. ज्या यंत्रास आपण गारव्याचें यंत्र समजतों, तें मुळांत ओल काढण्याचें यंत्र आहे, हें या कथेचें सार होय.

कारखान्यांतून तें करमणुकींत आलें. मुंबईंत १९३३ सालीं उघडलेलें ‘रीगल’ चित्रपटगृह हें वातानुकूलित चित्रपटगृहांतील आपल्या देशांतलें एक अगदीं आरंभींचें. पुढें १९४३ सालीं ‘ब्लू स्टार’ व १९५४ सालीं ‘व्होल्टास’ या कंपन्या मुंबईंतच निघाल्या. मुंबईसारख्या दमट शहरानें या यंत्रास आश्रय द्यावा आणि नागपूरसारख्या कोरड्या शहरानें कूलरला आपलें म्हणावें, ही कांहीं यदृच्छा नव्हे.

आतां फोंडाघाटच्या ओटीवर परत येऊन थोडा हिशेब करूं. नागपुरास मे महिन्याच्या दुपारीं पारा ४३ अंश सेल्सिअसवर आणि हवेंतील आर्द्रता शेंकडा २० धरली, तर ओला पारा २५ च्या जवळपास येतो. चांगला कूलर या दोहोंमधील अंतराचा सुमारें चारपंचमांश भाग तोडतो. म्हणजे खोलींत येणारा वारा २८-२९ अंशांचा होतो. एकदम १४ अंशांचा फरक! हाच कूलर कोंकणांत आणा. तेथें पारा ३३ वर व आर्द्रता शेंकडा ७० धरूं. ओला पारा २८ च्या वरच राहतो आणि कूलर कसाबसा साडेतीन-चार अंशांचा फरक पाडतो. बरें, हा फरक फुकट मिळत नाहीं. त्याच्या मोबदल्यांत खोलींतील हवा जवळजवळ बाष्पानें भरून जाते. अंगावरचा घाम वाळत नाहीं, अंथरूण ओलसर लागतें, कपाटांतील कपड्यांस व पुस्तकांस बुरशी धरते. विश्वास नसेल त्यानें एक सोपा प्रयोग करावा. कूलरचा पंखा चालूं ठेवून पाण्याचा पंप तेवढा बंद करावा. कोंकणांत पुष्कळदां असें आढळेल कीं जें सुख वाटत होतें तें वाऱ्याचें होतें, पाण्याचें नव्हे.

घामाची गोष्ट येथें सर्वांत महत्त्वाची. मनुष्याचें शरीर हाच एक चालताबोलता माठ आहे. घाम वाळला तर तें निवतें, न वाळला तर आंतल्या आंत तापतें. ओला पारा ३५ अंशांवर गेला, तर धडधाकट माणसाचें शरीरहि कांहीं तासांत हार खातें असें शास्त्रज्ञ सांगतात. वृद्ध व आजारी यांची मर्यादा त्याच्या पुष्कळ अलीकडे आहे. १६ एप्रिल २०२३ रोजीं खारघर येथें एका सरकारी समारंभास भर उन्हांत बसलेल्या लोकांपैकीं १४ जणांनीं प्राण गमावले. विदर्भाच्या मानानें त्या दिवशींचा पारा कांहीं फार चढलेला नव्हता. कोंकणपट्टींत नुसता पारा पाहून निर्धास्त राहूं नये, हा त्या दुर्दैवी दिवसाचा धडा आहे. म्हणून म्हाताऱ्या माणसाच्या बंद खोलींत मे महिन्यांत कूलर लावणें, यास आम्ही काटकसर म्हणावयास तयार नाहीं.

मग प्रत्येकानें एसीच घ्यावा काय? तसेंहि आमचें म्हणणें नाहीं. साधा छतपंखा सुमारें ७५ वॅट वीज खातो, घरगुती कूलर दीडदोनशें, आणि दीड टनी एसी हजार-दीड हजार. शिवाय एसीस घर बंद लागतें. वळवाच्या पहिल्या वादळांत वीज गेली, कीं स्लॅबचें बंद घर म्हणजे भट्टी. यंत्रांतील वायूंचा प्रश्नहि आहेच. जुन्या वायूंनीं आकाशांतील ओझोनचा थर झिजविला म्हणून १९८७ सालीं मॉन्ट्रियल येथें करार करावा लागला, आणि त्यांच्या जागीं आलेल्या वायूंनीं पृथ्वी तापते म्हणून २०१६ सालीं किगाली येथें दुसरा. सर्वांनीं आपापली खोली गार करून गांवाची हवा तापवीत बसावें, हा कांहीं शहाणपणाचा मार्ग नव्हे.

आमचा सल्ला पायरीपायरीचा आहे. प्रथम घर पाहावें: स्लॅबवर ऊन पडूं न देणारें दुसरें छप्पर आहे काय, पश्चिमेच्या भिंतीस पडवी आहे काय, समोरासमोर खिडक्या आहेत काय. मग पंखा, कारण कोंकणांतील हवा शरीरापेक्षां बहुधा थंडच असते आणि नुसत्या वाऱ्यानें घाम वाळूं शकतो. नागपूरच्या ४३ अंशांत हाच पंखा झळा मारतो, हाहि भेद ध्यानांत ठेवावा. एवढ्यानें भागलें नाहीं आणि घरांत वृद्ध, आजारी किंवा तान्हें मूल असलें, तर एका झोंपण्याच्या खोलीपुरता एसी घ्यावा व तो २६-२७ अंशांवर ठेवून जोडीला पंखा लावावा. १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी मुळांतच २४ अंशांवर सुरू होतील असा सरकारी नियम आहे. पण कोरडी केलेली हवा त्याहून दोनतीन अंश वरहि सुखद वाटते. कूलरसहि आम्ही सरसकट हद्दपार करीत नाहीं. फाल्गुन-चैत्रांत कधीं कधीं घाटावरून पूर्वेचा कोरडा, तापलेला वारा खालीं उतरतो. तेवढ्या दिवसांत, खिडक्या उघड्या ठेवून, तो कोंकणांतहि चांगलें काम देईल. आणि घाट चढून सोलापूर-विदर्भाकडे संसार थाटणाऱ्यानें, पाण्याची ददात नसेल, तर खुशाल त्यासच पसंती द्यावी.

ज्यास हा सारा इतिहास लक्षांत ठेवण्याचा कंटाळा येईल, त्यानें एक बादली तेवढी लक्षांत ठेवावी. कूलर चालविण्यास बादलीनें पाणी आंत ओतावें लागतें. एसीच्या नळीखालीं बादली ठेवली तर ती बाहेर भरते. आपल्या घरच्या हवेस पाणी पाजावयाचें आहे कीं तिच्यांतील पाणी काढावयाचें आहे, हें ज्यानें त्यानें आपल्या गांवच्या हवेस विचारावें. फोंडाघाटास वर्षांतील बहुतेक दिवस तिचें उत्तर एकच असतें.